आधी विचारा, काय तुटलं?

शाहूपुरी ही कोल्हापुरातली, गुळासाठी वसलेली पेठ. राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली ती वसवली. पुढे सौदे मार्केट यार्डात गेले, तरी गुळाशी असलेलं या भागाचं नातं तुटलेलं नाही. इथंच कुंभार गल्ली आहे आणि शिवाजी उद्यमनगरातल्या फौंड्र्याही लांब नाहीत. अकरावी-बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमर गेली. सहसंयुज बंध आणि पदार्थांचे भौतिक गुणधर्म हा भाग बहुतेक ठिकाणी एका कोष्टकात उरकतात. तो इथल्या तीन धंद्यांच्या आधारानं शिकवावा, असं माझं ठाम मत झालं आहे. का, ते पुढे लिहितो.

१. पाणी उकळलं म्हणून पाण्याचा रेणू मोडत नाही

'सहसंयुज संयुगांचे द्रवणांक आणि उत्कलनांक कमी असतात' हे वाक्य मुलांना तोंडपाठ असतं. का कमी असतात, असं विचारलं की निम्मा वर्ग एका सुरात सांगतो, 'सर, सहसंयुज बंध कमकुवत असतो.' या एका उत्तरामुळे पुढचा सगळा धडा वाकड्या वाटेनं जातो.

गुऱ्हाळावरची काहील घ्या. घाण्यातून आलेला रस तिच्यात पडतो, खाली चुलवाणात चिपाडं धडाडून पेटतात आणि तासन्‌तास वाफ निघत राहते. रसाचं बहुतांश वजन पाण्याचं, ते उडवायचं हेच गुऱ्हाळाचं मुख्य काम. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे, त्यामुळे इथं साधं पाणी ९८ अंशांच्या जवळपास उकळतं. अठरा ग्रॅम, म्हणजे एक मोल पाण्याची वाफ करायला साधारण ४१ किलोज्यूल उष्णता लागते. त्याच अठरा ग्रॅममधले ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांच्यातले सगळे बंध तोडायचे झाले तर ९२० किलोज्यूलच्या वर लागेल. जवळजवळ बावीसपट! म्हणजे काहिलीतून वर जाणारी वाफ पाण्याचीच असते, तिच्यातला एकेक रेणू शाबूत असतो. ताटली धरली की तिच्यावर पाण्याचेच थेंब जमतात.

मग उकळताना तुटतं काय? एका रेणूचा शेजारच्या रेणूशी असलेला हायड्रोजन बंध. गर्दीतल्या माणसांनी एकमेकांचे हात सोडले म्हणून कुणाचा हात खांद्यातून निखळत नाही. उकळताना घडतं ते एवढंच.

मिथेनचा दाखला याच वेळी द्यावा. मिथेनमधला कार्बन-हायड्रोजन बंधही चांगला भक्कम असतो, पाण्यातल्या बंधापेक्षा थोडासाच कमी. तरीही समुद्रसपाटीला मिथेन उणे १६१ अंशांना उकळतो आणि पाणी शंभरला. रेणूच्या आतल्या बंधांत एवढा फरक नाही, फरक आहे तो रेणू-रेणूंमधल्या ओढीत. मिथेनच्या रेणूंना एकमेकांना धरायला हायड्रोजन बंधच नाहीत.

म्हणूनच कोष्टक लिहायच्या आधी मी फळ्याच्या कोपऱ्यात एक प्रश्न लिहून ठेवत आलो: काय तुटलं?

२. 'सहसंयुज' या एका शब्दात दोन वेगळी कुळं नांदतात

कापूर, डांबरगोळी, मेण, पेट्रोल, साखर ही सगळी सुट्या रेणूंची मंडळी. प्रत्येक रेणू आतून पक्का, पण शेजाऱ्याशी संबंध सैल. म्हणून डांबरगोळी कपाटात हळूहळू झिजते आणि कापूर उघडा ठेवला तर न पेटवताच उडून जातो. हिरा, वाळू आणि सिलिकॉन कार्बाइड हे दुसऱ्या कुळातले. त्यांच्यात सुटा रेणूच नसतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अणू बंधांनीच एकमेकांना जखडलेले असतात. हिऱ्यात ही मांडणी कशी असते, ते ब्रॅग पिता-पुत्रांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्यानं दाखवून दिलं. या कुळातला पदार्थ वितळवायचा किंवा त्यावर ओरखडा काढायचा तर खरोखरच सहसंयुज बंध तोडावे लागतात. ही दोन कुळं पहिल्याच तासाला वेगळी केली की निम्मे गोंधळ तिथंच मिटतात.

३. एक बंध तुटतो आणि गुळाचा अख्खा रवा पाघळतो

गुळाइतकं या विषयाचं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही, म्हणून इथं थोडा रेंगाळतो.

गुळातली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज. त्याच्या रेणूत दोन कडी असतात, एक ग्लुकोजचं आणि एक फ्रुक्टोजचं. दोन्हींच्या मध्ये ऑक्सिजनचा एक अणू असतो आणि तोच त्यांना जोडतो. सुक्रोजचे स्फटिक चांगले बांधून येतात. रस आटत जातो तसं तापमान वर सरकतं, कारण उरलेलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं. ११५ ते १२० अंशांच्या दरम्यान कुठंतरी गुळव्या म्हणतो, 'पाक आला.' त्याच्या हातात थर्मामीटर नसतो. पाकाचा थेंब तो थंड पाण्यात टाकतो, बोटांनी त्याची गोळी वळते का बघतो आणि मग काहील उतरवायला सांगतो. ती गोळी म्हणजे शिल्लक पाण्याचं अचूक मापच.

पण ऊस तोडून चार-पाच दिवस पडून राहिला, तर हाच गुळव्या चिपाडं पेटवायच्या आधीच मान हलवतो. एकदा मुलांना घेऊन गेलो होतो तेव्हा एक गुळव्या म्हणाला, 'सर, ऊस शिळा हाय. ह्यो रवा धरायचा न्हाई बघा.' मुलांनी विचारलं, 'मामा, का धरायचा नाही?' ते म्हणाले, 'साखर मरती की त्याच्यातली.'

त्यांचं म्हणणं शब्दशः खरं आहे. तोडलेल्या उसातली विकरं आणि रसातलं आम्ल सुक्रोजमधला तो मधला ऑक्सिजनचा दुवा तोडतात. त्या तुटीत पाण्याचा एक रेणू खर्ची पडतो आणि ग्लुकोज व फ्रुक्टोज वेगळे होतात. बाकी कुठलाही बंध हललेला नसतो. रंग, वास सुरुवातीला तोच, गोडी तर उलट थोडी जास्तच. पण पदार्थ बदललेला असतो. फ्रुक्टोज नीट स्फटिक धरत नाही, पाण्यात सुक्रोजपेक्षा कितीतरी जास्त विरघळतो आणि हवेतली ओल झपाट्यानं ओढतो. शुद्ध सुक्रोज हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास गेल्यावर पाणी ओढून विरघळायला लागतो. फ्रुक्टोजला साठ-बासष्ट टक्केही पुरतात. आमच्याकडच्या आषाढ-श्रावणातली हवा डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ज्या गुळात ही फोड जास्त झाली आहे त्याला पाणी का सुटतं आणि बारदान ओलं का होतं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

रसात चुना घालतात त्यामागचं एक कारण हेच. चुन्यानं आम्ल मारलं जातं आणि सुक्रोजचा दुवा सांभाळला जातो. चुना जास्त झाला की मात्र सुटं झालेलं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज त्या अल्कलीत पुढे बिघडतात आणि गूळ काळपट पडतो. रंगासाठी हायड्रॉस पावडर टाकली की गूळ पिवळाधमक दिसतो, कारण रंग देणाऱ्या रेणूंमधली दुहेरी बंधांची साखळी ती मोडते. हवा लागली की काही दिवसांत रंग पुन्हा गडद व्हायला लागतो. रंग हा भौतिक गुणधर्म आपण वेगळ्या रकान्यात लिहितो, पण तोही बंधांच्याच रचनेतून येतो. पिवळा गूळ म्हणजे चांगला गूळ, ही गिऱ्हाइकांची समजूत जितक्या लवकर जाईल तितकं बरं.

'भौतिक बदल की रासायनिक बदल' हा प्रश्न मी याच उदाहरणावर घालतो. काहिलीतलं पाणी उडालं, हा भौतिक बदल. दुवा तुटून सुक्रोजचे दोन भाग झाले, तो रासायनिक. आणि त्या रासायनिक बदलाची खबर आपल्याला मिळते ती ओल्या बारदानातून, भौतिक गुणधर्मातून.

४. रसातलं ग्लुकोज आणि चिपाडातलं ग्लुकोज

एकाच उसातून रस निघतो आणि चिपाडही. रस गोड, पाण्यासारखा. चिपाड चिवट, बेचव, पाण्यात वर्षभर ठेवलं तरी न विरघळणारं. चिपाडातला मोठा हिस्सा सेल्युलोजचा, आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या हजारो कड्यांची सरळ साखळी. ज्या ग्लुकोजला पाणी चटकन आपलंसं करतं, तेच साखळीत बांधलं की पाण्याला दाद देत नाही.

कारण दुहेरी आहे. कड्यांची जोडणी सहसंयुज बंधांनी झालेली असते आणि ती अशा कोनात असते की साखळी सरळ राहते. सरळ साखळ्या शेजारी-शेजारी नीट रचल्या जातात आणि जागोजागी हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरतात. पाण्याला आत शिरायला फट मिळत नाही. भाताच्या पिष्टातही ग्लुकोजच असतं, पण तिथं जोडणीचा कोन वेगळा, साखळी वळते, रचना सैल राहते, म्हणून भात शिजतो आणि आपल्याला पचतो. चिपाड चुलवाणातच जातं.

५. वीज वाहते का, हे तोंडी सांगू नये

नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी आणि दोन तारा एवढं पुरतं. मीठ विरघळवलेल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये दिवा लख्ख लागतो. साखरेच्या पाण्यात लागत नाही. गुळाच्या पाण्यात मिणमिणतो, आणि तिथं वर्ग जागा होतो. साखर विरघळताना तिचे रेणू अख्खेच राहतात, आयन होत नाहीत. गुळात मात्र उसातून आलेले पोटॅशियमसारखे क्षार असतात, वीज वाहून नेतात ते. साखर आणि गूळ यांतला फरक इतक्या स्वच्छपणे दुसरा कुठलाही प्रयोग दाखवत नाही.

६. वाळू हा फौंड्रीतला सर्वांत दुर्लक्षित पदार्थ

कोल्हापूरच्या फौंड्र्यांत ऑइल इंजिनाचे भाग ओतले जायचे, आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यात मोटारींचे सुटे भाग ओतले जातात. मुलांचं लक्ष असतं भट्टीकडे. मी त्यांना साच्यातली वाळू बघायला लावतो. वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, १३५० ते १४०० अंशांच्या आसपास ओततात, आणि ते ज्या वाळूत ओततात ती वाळू वितळायला १७०० अंश लागतात. वाळूच्या कणात प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना जखडलेला असतो, कणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळी फौंड्री त्या बंधांच्या जोरावर उभी आहे.

पण याच वाळूची एक खोड आहे. ५७३ अंशांना तिच्या स्फटिकातले कोन थोडे सरळ होतात. एकही बंध तुटत नाही, तरी कण एकदम फुगतो. साच्याच्या अंगाला पोपडे येतात आणि ओतलेल्या कामावर खपली धरते. म्हणून वाळूत लाकडाच्या भुश्यासारखं काहीतरी मिसळतात. ते आधी जळून जातं आणि फुगणाऱ्या कणांना जागा करून देतं. 'काय तुटलं?' या प्रश्नाचं उत्तर इथं 'काहीच नाही' असं आहे, आणि तरीही गुणधर्म बदलला आहे. हुशार मुलांना हा अपवाद जरूर द्यावा.

७. बंध जास्त बळकट, पदार्थ जास्त मऊ

हिऱ्यात दोन कार्बनांमधलं अंतर १५४ पिकोमीटर असतं, ग्राफाईटच्या थरात १४२. अंतर कमी म्हणजे बंध जास्त घट्ट. म्हणजे ग्राफाईटमधला कार्बन-कार्बन बंध हिऱ्यातल्या बंधापेक्षा बळकट! हे वाक्य फळ्यावर लिहिलं की वर्गात गलका होतो, कारण ग्राफाईट बोटानं चोळलं तरी काळा माग सोडतं.

उत्तर थरांमधल्या अंतरात आहे. एका थरापासून दुसरा थर ३३५ पिकोमीटर लांब, आणि त्यांच्यात सहसंयुज बंध नाहीच, नुसती हलकी ओढ. थर एकमेकांवरून घसरतात. पण थराच्या आतली वीण इतकी पक्की असते की ग्राफाईट साडेतीन हजार अंशांच्या पुढेही तग धरतं. म्हणून सोनं-चांदी वितळवायची मूस ग्राफाईटची करतात. प्रत्येक कार्बनचा चौथा इलेक्ट्रॉन थरभर मोकळा फिरतो, म्हणून विजेच्या मोटरमधला कार्बन ब्रश वीज नेतो. मऊपणा, उष्णतेपुढचा टिकाऊपणा आणि वीजवहन हे तिन्ही गुण एकाच रचनेतून निघतात. कोष्टकात मात्र ते तीन वेगळ्या ओळींत पडलेले असतात आणि मुलं ते वेगवेगळे पाठ करतात.

थर घसरतात हेही पूर्ण उत्तर नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खूप उंचावरून उडणाऱ्या विमानांमधले कार्बन ब्रश भराभर झिजायला लागले. कारण वरच्या विरळ, कोरड्या हवेत ओल नव्हती. ग्राफाईटचं वंगणपण हवेतून चिकटलेल्या पाण्याच्या वाफेवरही अवलंबून असतं, हे त्यातून उघड झालं.

आता बीडाकडे या. करड्या बीडात कार्बन तीन-साडेतीन टक्के असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाईटच्या पापुद्र्यांच्या रूपात पसरलेला असतो. पापुद्रे आहेत म्हणून लेथवर टर्निंग सोपं जातं, कंपनं जिरतात, आणि हातोडा बसला की तुकडाही पडतो, कारण भेग पापुद्र्याच्या कडेनं पळते. १९४० च्या दशकात असं लक्षात आलं की ओतायच्या आधी थोडं मॅग्नेशियम दिलं, तर तेच ग्राफाईट पापुद्रे न धरता गोळ्या धरतं. आज ज्याला सगळे एसजी आयर्न म्हणतात ते हेच. कार्बन तोच आणि बंधही तेच, आकार तेवढा बदलला. पूर्वी फुटणारं बीड आता वाकतं. शिकाऊ कामगार म्हणून फौंड्रीत लागलेले माझे जुने विद्यार्थी सूक्ष्मदर्शकाखालचे या दोन्हींचे फोटो पाठवतात. मी ते वर्गात लावतो. पाठ्यपुस्तकातल्या रेखाटनापेक्षा मुलांना ते चटकन कळतात.

८. जो बंध वेळेवर तुटतो, तोही कामाचा

शेल कोअर, म्हणजे ओतकामातली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, बनवतात ते मी मुलांना नेहमी जवळून दाखवतो. वाळूच्या प्रत्येक कणावर फिनॉलिक रेझीनचा पातळ लेप असतो. ही वाळू हातात घेतली तर सुटी, कोरडी, बोटांतून ओघळणारी. ती अडीचशे अंशांच्या आसपास तापवलेल्या डायमध्ये सोडली की अमोनियाचा झणझणीत वास येतो. रेझीनमध्ये मिसळलेल्या हेक्झामिनची फोड होत असल्याची ती खूण. काही सेकंदांत रेझीनच्या साखळ्यांमध्ये आडवे-उभे सहसंयुज बंध बांधले जातात आणि बाहेर येतो तो कडक, पिवळसर-तपकिरी गाभा. टिचकी मारली तर खणखणतो. ही पद्धत जर्मनीत योहानेस क्रोनिंग यांनी १९४० च्या दशकात शोधली.

पुन्हा तापवला तर हा गाभा वितळत नाही. पॉलिथीनची पिशवी वितळते, कारण तिच्या साखळ्या सुट्या असतात. कुकरचं हँडल वितळत नाही, ते कोळशासारखं होतं, कारण त्यात सगळ्या साखळ्या एकमेकींना बांधलेल्या असतात. लिओ बेकलँड यांनी १९०७ साली बनवलेलं बॅकेलाइट याच घराण्यातलं.

फौंड्रीला या रेझीनकडून दोन उलट गोष्टी हव्या असतात. बीड ओतलं जात असताना गाभ्यानं आकार सोडायचा नाही. बीडाची साल धरली की मात्र त्यानं हटायचं, नाहीतर आतली वाळू काढायला छिन्नी घेऊन बसावं लागतं. बीडाच्या उष्णतेनं रेझीनमधले बंध हळूहळू तुटतात, रेझीन जळून जातं आणि वाळू आपोआप ओघळते. तीच वाळू, जिच्यातला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध या आगीतही टिकला. एकाच गाभ्यात एक बंध टिकावा आणि एक तुटावा, ही योजना ज्यांनी आखली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

९. कुंभार गल्लीत तीन वस्तू, तीन उत्तरं

गणपतीच्या आधी दोन महिने मी वर्गाला कुंभार गल्लीत नेतो. तिथं शाडूची मूर्ती, भाजलेली पणती आणि प्लॅस्टरची मूर्ती शेजारी-शेजारी मिळतात.

शाडूत सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे पातळ पापुद्रे असतात. मूर्ती वाळते तेव्हा मधलं पाणी निघून जातं, नवा बंध मात्र तयार होत नाही. बादलीत ठेवली की पाणी पापुद्र्यांमध्ये पुन्हा शिरतं आणि माती बसते. पणती भट्टीत गेलेली. साधारण पाचशे-सहाशे अंशांना मातीतले हायड्रॉक्सिल गट पाणी होऊन निघून जातात, पापुद्र्यांची रचना मोडते, आणि उष्णता आणखी वाढली की कण एकमेकांना नव्या बंधांनी जोडले जातात. तिची पुन्हा माती होत नाही.

प्लॅस्टरची गोष्ट तिसरीच. पाणी घातल्यावर त्याचं जिप्सम होतं. जिप्सममध्ये कॅल्शियम आणि सल्फेट यांच्यात आयनिक बंध असतो, तर सल्फेटच्या आत गंधक आणि ऑक्सिजन सहसंयुज बंधांनी बांधलेले असतात. लिटरभर पाण्यात ते जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळतं. दहा किलोच्या मूर्तीला किती पाणी लागेल, हे गणित मी मुलांना तिथंच उभ्या उभ्या घालतो. उत्तर निघतं चार ते पाच हजार लिटर, तेही सगळं पाणी नीट ढवळलं तर. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय सुचवला. त्या द्रावणात प्लॅस्टरचं कॅल्शियम कार्बोनेट आणि अमोनियम सल्फेट होतं. गेल्या वर्षी एका मुलीनं तिथंच वही उघडून माझाच प्रश्न मला विचारला, 'सर, मग यात काय तुटलं?' तिला म्हटलं, कॅल्शियमनं सल्फेटला सोडलं आणि कार्बोनेटला धरलं. सल्फेटच्या आतले गंधक-ऑक्सिजन बंध होते तसेच राहिले.